आलेखातील तुटी आणि करदात्याचे भय

उत्पन्न वाढून वरच्या टप्प्यात गेले, तर कर इतका वाढेल की हाती पूर्वीपेक्षा कमी रक्कम उरेल, ही समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. ती खरी की खोटी, हे वादाने ठरत नाही, आलेखावरून ठरते.

निरनिराळ्या अंतरालांत निरनिराळे नियम पाळणाऱ्या फलनास खंडशः परिभाषित फलन म्हणतात. आयकर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आडव्या अक्षावर उत्पन्न व उभ्या अक्षावर कर मांडला असता प्रथम दोन खंडांच्या सांध्याकडे पाहावे. तेथे रेषा तुटली असेल, तर फलन असंतत आहे. नुसती वाकली असेल, तर ते संतत असून केवळ चढ बदलला आहे. तुटलेल्या जागी भरीव टिंब व पोकळ वर्तुळ काढतात. सीमेवरील मूल्य कोणत्या खंडाचे, हे भरीव टिंब सांगते.

भारतात १९३९ पूर्वी टप्पा ओलांडताच वरचा दर संपूर्ण उत्पन्नास लागू होत असे. नुसत्या दरांच्या आलेखात सीमेवर उडी होती. १९३९ च्या दुरुस्तीने वरचा दर फक्त वरच्या भागास लावला. उड्या जाऊन वळणे राहिली. चढ एकाहून कमी असल्याने हाती उरणारी रक्कम वाढतच जाते.

तथापि सवलतींमुळे उडी पुन्हा येऊ शकते. २०२५-२६ या वर्षी, उपकर वगळता, जुन्या पद्धतीत साठ वर्षांखालील व्यक्तीस पाच लाख करपात्र उत्पन्नावर कर शून्य. पाच लाख दहा रुपयांवर मात्र १२,५०२ रुपये. ही उघड तूट होय. नव्या पद्धतीत नेहमीच्या उत्पन्नावर बारा लाखांपर्यंत कर शून्य आहे. त्यापुढे विशेष सवलतीने उडी टाळली आहे, पण सुमारे १२,७०,५८८ रुपयांपर्यंत चढ एक आहे. म्हणजे मिळविलेला प्रत्येक जादा रुपया करात जातो! फलन संतत आहे, म्हणून भार सौम्य आहे, असे अनुमान येथे फसते. सातत्य आणि चढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शाळांतून विद्यार्थी सूत्रावरून आलेख काढावयास शिकतो. काढलेला आलेख वाचावयास क्वचितच शिकतो. हा क्रम सुधारला पाहिजे. तसेच करदरांच्या प्रत्येक कोष्टकाशेजारी त्याचा आलेख छापला जावा. कोष्टकात दर दिसतात, परंतु तूट दिसत नाही. आणि जे नागरिकास दिसत नाही, त्याविषयी तो एक तर नाहक भितो, नाही तर नाहक निश्चिंत राहतो.