भंडारदऱ्याचा फेरा आणि नऊ मुली

नकाशावर कळसूबाई दाखवा म्हटलं की माझे विद्यार्थी अचूक बोट ठेवतात. उंची १६४६ मीटर, तीही तोंडपाठ. पण ‘पाहिलंय कुणी?’ असं विचारलं तर वर्गात दोन-तीनच हात वर होतात. आम्ही संगमनेरचे, कळसूबाई शेजारच्या अकोले तालुक्यात. आमची सहल मात्र दरवर्षी बसने वॉटर पार्कला जाते.

म्हणून गेल्या डिसेंबरात नववीच्या अकरा मुलांना घेऊन मी भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलने फेरा घातला. सायकली टेम्पोतून शेंडीपर्यंत नेल्या. तिथून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. मग साम्रद, रतनवाडी आणि दुसऱ्या काठाने परत शेंडी. साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत साम्रदला मुक्काम. कुठे डांबर, कुठे उखडलेली खडी, कुठे मुरूम. अशा वाटांसाठी हल्ली महागड्या ‘ग्रॅव्हल’ सायकली मिळतात. आमच्या मुलांकडे शाळेला जायच्याच सायकली होत्या. चाकांत हवा थोडी कमी ठेवली, पंक्चरचं सामान घेतलं आणि खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, एवढं शिकवलं. तेवढ्यावर भागलं.

पुस्तकातलं बरंच काही तिथे डोळ्यांसमोर आलं. संगमनेरला लागून वाहणारी प्रवरा याच डोंगरांत उगम पावते आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणात अडते, हे मुलांनी धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून समजून घेतलं. घाटघरला दुसरा जलाशय आहे. तिथलं पाणी खाली कोकणाच्या बाजूला सोडून २५० मेगावॉट वीज करतात आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात. ‘सर, वही पानी फिर से?’ एका मुलाने विचारलं. वर्गात त्याने कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. साम्रदला ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी पिठलं-भाकरी केली. नमाजसाठी जागा विचारली तर ओसरी झाडून दिली.

यंदा नववीच्या नऊ मुलींनी नावं दिली. सहा घरांतून नकार आला.

‘लडकियाँ और जंगल में?’ हा पहिला प्रश्न. पालकांची काळजी खोटी नाही. म्हणून सोबत आमच्या शाळेतल्या दोन आपा आहेत, मागे टेम्पो आहे, औषधांची पेटी आहे, अंधार पडायच्या आत मुक्काम आहे. पण त्याच रस्त्याने तिथल्या मुली रोज पायी शाळेला जातात, बाया डोक्यावर मोळ्या घेऊन येतात. कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कमीज आणि स्कार्फ घालून सायकल उत्तम चालते. ओढणी चेनमध्ये जाऊ नये म्हणून पिन लावली की झालं.

दुसरं वाक्य मला जास्त लागलं. ‘सर, ये अपने लोगों का शौक नहीं.’ मग कुणाचा? आपण कुठले, असं कुणी विचारलं की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण घरापासून दोन-अडीच तासांवरचे डोंगर आपणच ‘दुसऱ्यांचे’ म्हणून सोडून देत असू, तर त्या रागाला अर्थ काय राहतो? या मातीत आपल्या पिढ्या गेल्या. ती माती मुलींनी नुसती नकाशावर का पाहावी?

खरं कारण बहुतेक ‘लोग क्या कहेंगे’ हेच आहे. ते लोक म्हणजे आपणच, तुम्ही आणि मी. आपण म्हणायचं थांबवलं तर निम्मा प्रश्न सुटतो. गेल्या वर्षी मुलं गेली तेव्हा कुणीच काही म्हटलं नाही, हेही लक्षात घ्या.

मी त्या सहाही घरी पुन्हा जाणार आहे, या वेळी आपांना सोबत घेऊन. एखाद्या अम्मीला किंवा अब्बांना टेम्पोतून यायचं असेल तर जागा आहे. निघायची तारीख मी अजून ठरवलेली नाही. नऊही नावं पक्की झाल्यावरच ठरवेन.