मशेरी लावता? मग विम्याच्या अर्जात ‘नाही’ का?

‘धूम्रपान करता का?’ असं रेडीत कुणाला विचारलं, तर विडी ओढणारा ‘हो’ म्हणेल. चुन्यात तंबाखू मळणारा किंवा रोज सकाळी मशेरी लावणारी मात्र ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. पण टर्म इन्शुरन्सच्या अर्जातला प्रश्न बहुधा धुरापुरता नसतो. तो तंबाखूच्या कोणत्याही सेवनाचा असतो. लघवीच्या कोटिनिन चाचणीत निकोटीनचा माग लागतो. ते विडीतून आलं की पुडीतून, हे चाचणी सांगत नाही.

‘नाही’ लिहिलं की हप्ता कमी बसतो. कित्येकदा एजंट न विचारताच टिक करतो. सही मात्र ग्राहकाची असते.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पहिली ३ वर्षं कंपनी महत्त्वाची माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारू शकते. त्यानंतर नाही. म्हणून ‘३ वर्षं निभावली की झालं’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा जुगार आहे. डाव फसला तर खेळणारा हयात नसतो, कागद घेऊन फिरते ती बायको. शिवाय बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, तर ही ३ वर्षं नव्याने मोजतात. पावसाळी मासेमारी बंदीत ज्यांचा हप्ता चुकतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक काळ मिळतो. तेवढ्यात अर्जाची प्रत उघडून तंबाखूचा रकाना बघावा. चूक असेल तर कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. हप्ता वाढेल.