पाळी थांबते, काम थांबत नाही

कायदा बाईला ओळखतो तो तिच्या गर्भाशयावरून. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. गर्भ पडला तर ६ आठवडे. १९९५ च्या दुरुस्तीने बाईच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर २ आठवडे. हीच कलमं पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. हे सारं लढून मिळालेलं आहे आणि त्यातला एक दिवसही आपल्याला सोडायचा नाही. पण ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. मूल होणं, मूल पडणं, मूल होऊ न देणं, तिन्ही वेळा कायदा हजर आहे. बाईची पाळी जायला लागली, तिच्याकडून मुलाची शक्यता संपली, की कायदा तिच्या शरीरातून लक्ष काढून घेतो. पुढचं तिचं तिने बघावं.

मग कायदा जपतो ते काय? बाईचं आरोग्य, की कुळाचा वंश?

पाळी एका दिवसात जात नाही, हे सांगायला नको. सलग बारा महिने आली नाही म्हणजे गेली, असं डॉक्टर धरतात. त्याच्या आधीची काही वर्षं मात्र कसलाही नेम नसतो. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. कधी इतकं अंगावरून जातं की खुर्चीवरून उठायची भीती वाटते. अचानक छातीपासून कपाळापर्यंत गरम वाफ चढते, घाम फुटतो, पाच मिनिटांत अंग गार पडतं. रात्री झोप नाही, सांधे धरतात, काल पाठ असलेला फाईलचा नंबर आज आठवत नाही. सगळ्याजणींना सगळं होत नाही. काहींना काहीच होत नाही, काहींना पाच-सात वर्षं पुरतं.

पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास जाते, आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास. राज्य सरकारच्या नोकरीत निवृत्तीचं वय ५८, चतुर्थ श्रेणीत ६०. म्हणजे पाळी गेल्यावरही बाईची दहा-बारा वर्षांची नोकरी शिल्लक असते. वरच्या जागा, बढतीच्या याद्या, जबाबदारीची कामं येतात ती याच वर्षांत. ‘आता काय उरलं’ असं म्हणायचे हे दिवस नव्हेत.

मी वांद्रे पूर्वेला एका सरकारी कार्यालयात तीस वर्षांहून जास्त कारकुनी केली. कार्यालयाचं नाव इथे घेत नाही, कारण घेतलं तर बाकीची कार्यालयं सुटल्यासारखी होतील. आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या संडासाला कुलूप असे. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई साहेबांकडे. ज्या वर्षांत मला तासातासाला जावं लागे, त्या वर्षांत मला एका पुरुषाकडे तासातासाला किल्ली मागावी लागे. रात्रभर जागून सकाळची लोकल चुकली की लेट मार्क, तीन लेट मार्कांना एक किरकोळ रजा कापलेली. भर बैठकीत वाफ आली, मी पंखा वाढवायला सांगितलं, तर साहेब हसून म्हणाले, “बाईंचं तापमान वाढलंय.” सगळे हसले. तरुण मुलीही हसल्या. त्यांना अजून पंधरा वर्षं अवकाश होता.

त्यातच पन्नाशी-पंचावन्नाव्या वर्षी किंवा तीस वर्षांच्या नोकरीनंतर सरकारी नोकराचं पुनर्विलोकन होतं: सेवेत ठेवायला तो पात्र आहे की नाही? गोपनीय अहवाल बघतात, शारीरिक क्षमता बघतात. नियम पुरुषांना आणि बायकांना सारखाच आहे. पण त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांचे शेरे बघा. ‘चिडचिड्या’, ‘वारंवार जागेवर नसतात’, ‘विसराळू’. यातला एकही शेरा कामाबद्दलचा नाही. हे शेरे शरीराबद्दलचे आहेत, आणि ते अशा माणसाने लिहिलेले असतात ज्याने त्या शरीराबद्दल एक प्रश्नही विचारलेला नसतो.

आणि बाईने स्वतः सांगावं तर काय होतं? वैद्यकीय रजेला दाखला लागतो. डॉक्टर म्हणतात, बाई, हा आजार नव्हे, निसर्ग आहे. कार्यालय म्हणतं, आजार नाही तर रजा कसली? म्हणून बाई दाखल्यावर रक्तदाब लिहून आणते, मणका लिहून आणते. तीच बाई मग चारचौघांत ‘सतत आजारी’ ठरते. आजार नाही म्हणून सवलत नाही, आणि आजार म्हटला की लायकी नाही. या दोन दगडांमध्ये पिढ्यान् पिढ्या बायका भरडल्या गेल्या, आणि त्याला आपण ‘सोशिकपणा’ असं गोंडस नाव दिलं.

तरी मी कायम नोकरीतली, पगारी. रजा कापली गेली तरी नोकरी राहिली. वांद्रे स्टेशनापासून पूर्वेला चालत निघालं की बेहरामपाडा लागतो, पुढे खाडीच्या बाजूला भारत नगर आणि त्याला लागूनच वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. त्या काचा पुसणाऱ्या, फरशा पुसणाऱ्या बायका याच वस्त्यांतून येतात. बऱ्याचजणी चाळिशी-पन्नाशीच्या, कंत्राटदाराच्या हजेरीवर. आमच्या गटाच्या बैठकीत त्या बोलल्या ते असं: बारा तासांची पाळी, बसायला स्टूल नाही, कारण बसलेली बाई दिसली की सुपरवायझर फोटो काढतो. ज्या मजल्यावरचे संडास त्या घासतात, ते वापरायची त्यांना मनाई. जाडाभरडा बंद गळ्याचा पॉलिस्टरचा गणवेश, त्यात वाफ आली की जीव गुदमरतो. खाडा झाला की त्या दिवसाचा पैसा गेला, दोन खाडे झाले की बदलीवर दुसरी बाई.

वांद्रे पश्चिमेला घरकाम करणाऱ्यांची गत वेगळी नाही. चार घरची भांडी-लादी, दुपारी दोन घरचा स्वयंपाक, गॅससमोर उभं राहून. त्यांच्यासाठी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. बाळंतपणाला मदत त्यातही आहे. बाळंतपण उरकून वीस वर्षं झालेल्या, दिवसाला चार घरं ओढणाऱ्या बाईच्या चालू दुखण्यासाठी आठवड्याची एक सुट्टीसुद्धा कुणी बंधनकारक केलेली नाही.

या बायकांना रजा मिळत नाही, पण एक सल्ला मात्र हमखास मिळतो: “पिशवी काढून टाक, कटकट संपेल.” शेजारीण सांगते, गल्लीतला डॉक्टर सांगतो, कधी घरधनीच सांगतो. हा सल्ला एका बाईच्या बाबतीत कदाचित योग्य असेलही. तो एका अख्ख्या कामाचा नियम झाला की काय होतं, ते बघायला बीडकडे बघावं लागतं.

ऊसतोडीचं काम नवरा-बायकोच्या जोडीवर चालतं. जोडीला म्हणतात कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि हंगामभर ती फेडून घेतो. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी, ना आडोसा. पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पाळीतल्या, अंगावरून जाणाऱ्या बाईला तिथे जागा नाही. २०१९ साली बीडच्या बायकांचं हे दुखणं वर्तमानपत्रांत आलं, विधिमंडळात गाजलं, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सहातली एक. त्यात तिशी-पस्तिशीतल्याही होत्या.

पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा सारा त्रास त्याच आठवड्यात अंगावर कोसळतो. बीजकोश ठेवले तरी ते बऱ्याचदा ठरल्या वेळेआधीच थकतात. हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. म्हणजे पंचेचाळिशीत यायचं ते पस्तिशीत आणलं, आणि तेही कोयता हातात असताना. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. चांगलंच झालं. पण डॉक्टरला लगाम घातला म्हणून खाडा संपत नाही. फडावर संडास नसेल, पाळीच्या दिवशी बसायची मुभा नसेल, तर बाई उद्या दुसरा डॉक्टर शोधेल.

मला म्हणायचं आहे ते इतकंच: कामाची जागा बदलायची नसली की बाईचं शरीर बदललं जातं. मुकादमाला खाड्याशिवाय कोयता हवा, कंत्राटदाराला न बसणारी बाई हवी, साहेबाला वाफ न येणारी कारकून हवी. बीडमध्ये हे सुरीने होतं, वांद्र्यात शेऱ्याने आणि हजेरीने होतं. दोन्हींचं दुःख सारखं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण हिशेब एकच आहे.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, आमच्या आयांनी नाही का सोसलं? सोसलं. त्यांनी चुलीचा धूर सोसला, विटाळाचा कोपरा सोसला, आणि सतीची चालही एकेकाळी सोसली गेली. सोसलं जातं म्हणून ते योग्य ठरत नाही.

दुसरं उत्तर जास्त शहाण्यासारखं वाटतं: सवलती मागाल तर मालक बायकांना नोकऱ्याच देणार नाहीत. जुलै २०२४ मध्ये पाळीच्या रजेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही ही शंका बोलून दाखवली. मैत्रिणींनो, ही धमकी नवी नाही. बाळंतपणाच्या रजेच्या वेळीही हेच म्हटलं गेलं होतं. बिहारमध्ये कर्मचाऱ्यांच्या संपानंतर १९९२ साली सरकारी नोकर बायकांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा मिळाली. त्या राज्याच्या कचेऱ्यांतून बायका नाहीशा झाल्या नाहीत. मालक भेदभाव करील ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय भेदभाव करणाऱ्याला अडवणं हा आहे, बाईला गप्प बसवणं हा नव्हे.

तिसरी शंका आपल्यातल्याच काही जणी घेतात. बाईला तिच्या शरीरावरून जोखू नका असं इतकी वर्षं सांगितलं, आता शरीरच पुढे करायचं का? ही शंका मी मोलाची मानते. म्हणूनच नुसती दयेची रजा मागून भागणार नाही. ब्रिटनच्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मालकांना बजावलं की पाळी जाण्याचा त्रास दीर्घकाळ आणि गंभीर असेल, तर २०१० च्या समानता कायद्याखाली तो अपंगत्वात धरला जाऊ शकतो आणि मालकाला वाजवी सोयी कराव्या लागतील. ‘अपंगत्व’ हा शब्द मला पटत नाही. सोय करण्याचं ओझं मालकावर टाकलं, ते मात्र पटतं.

आणि चौथं उत्तर म्हणजे काचेच्या इमारतींतले आठ मार्चचे कार्यक्रम. गुलाब, योगासनं, कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं, ‘स्वतःला वेळ द्या’ असं व्याख्यान. व्याख्यान चालू असताना दाराबाहेर पोछा घेऊन उभी असलेली पन्नाशीची बाई त्या श्रोत्यांत नसते. तिला वेळ कुठून द्यायचा?

तर आपल्या मागण्या काय असाव्यात, चर्चेसाठी मांडते.

एक: प्रत्येक कामाच्या जागी, मग ते कार्यालय असो, फड असो की नाका, बायकांसाठी उघडा, पाण्याचा संडास. किल्ली कुणाकडेही नको, आणि तो घासणारीलाही तो वापरायचा हक्क हवा.

दोन: कारण न विचारता मिळणारी महिन्याला ठरावीक भरपगारी रजा, आणि ती घेतली म्हणून गोपनीय अहवालात शेरा नाही. पाळी येणारीला आणि जाणारीला, दोघींना.

तीन: बसायचा हक्क. ज्या कामात बसून भागतं त्यात उभं ठेवणं हा छळ मानावा.

चार: उशीर, पाळीबदल आणि गणवेश यांत मुभा. सुती कपडा आणि पंखा ही चैन नाही.

पाच: कंत्राटी बायकांच्या या सोयींची जबाबदारी मूळ मालकावर. कंत्राटदाराकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

सहा: ऊसतोडीतला खाड्याचा दंड बेकायदा ठरवून तो घेणाऱ्या मुकादमावर आणि कारखान्यावर कारवाई.

यातल्या कुठल्याही मागणीला नवं विज्ञान लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. संघटनांनी मात्र आपल्या मागणीपत्रात हा विषय घालायला हवा. युनियनच्या बैठकीत पन्नाशीतल्या बाईला ‘मावशी’ म्हणून चहा करायला पाठवतात, तिला आधी बोलू द्यायला हवं. आपापल्या गटात एक बैठक यावर घ्या. कुणाकडे किल्ली असते, कुणाचा किती खाडा कापला, कुणाला कोणत्या वयात पिशवी काढायला सांगितली, ते लिहून काढा. नावं लिहू नका, जागा आणि रकमा लिहा.

राज्याच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय, कामगार भवन, वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. भारत नगरातून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढच्या तिमाहीपर्यंत जिथून जिथून नोंदी येतील त्या एकत्र करून आपण तिथे निवेदन घेऊन जाऊ. ज्यांची पाळी गेली आहे त्यांनी पुढे चालावं, आणि ज्यांची अजून यायची आहे त्या मुलींनाही बरोबर आणावं.