सात विद्यार्थ्यांचे बंधुमंडळ

४ डिसेंबर हा दिवस अमेरिकेतील कृष्णवर्णीय पदवीधरांचा एक मोठा वर्ग स्थापनादिन म्हणून पाळतो. १९०६ साली याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात सात विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ या बंधुमंडळाचा पाया घातला. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी, गुप्त दीक्षाविधी असलेली आणि सभासदाला आजन्म बंधू मानणारी विद्यार्थिमंडळे अमेरिकन विद्यापीठांत त्याआधीही होती. परंतु ती गोऱ्यांची होती. आमच्या वाचकांस हा सारा प्रकार श्रीमंतांच्या मुलांचा खेळ वाटण्याचा संभव आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो तसा आहेही. म्हणूनच या सात जणांना तो का मांडावासा वाटला हे पाहणे अगत्याचे ठरते.

कॉर्नेलमध्ये १९०४-०५ साली शिकत असलेले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत. विद्यापीठाचे दार त्यांना बंद नव्हते. पण दारातून आत गेल्यावर बसायचे कोणाजवळ, टिपणे मागायची कोणाकडे, आजारी पडल्यास विचारपूस कोण करणार, हे प्रश्न प्रवेशाच्या नियमांनी सुटत नाहीत. नंतर आलेल्यांनी प्रथम एक अभ्यासमंडळ काढले. त्याचे बंधुमंडळ करावे की नाही यावर त्यांच्यात मतभेद झाले, आणि तो मतभेद आम्हांस अगदी स्वाभाविक वाटतो. ज्या घरात आपल्याला प्रवेश नाही त्याच घराचा नकाशा आपण का गिरवावा, ही शंका कोणाही स्वाभिमानी माणसास येईल. अखेर नकाशा गिरवला गेला. घराचा उपयोग मात्र निराळा झाला.

संस्थापकांपैकी व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातील पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले, तर यूजीन किंकल जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीगची धुरा दीर्घकाळ वाहिली. पुढे थर्गुड मार्शल या मंडळात आले, आणि १९५२ साली बोस्टनमध्ये शिकत असताना मार्टिन ल्यूथर किंगही आले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून ज्यांना पत्र लिहिले, ते विद्वान ड्यू बॉइस याच मंडळाचे सभासद होते. परंतु थोरांच्या नामावळीपेक्षा एका खटल्याची हकीकत आम्हांस अधिक बोलकी वाटते.

१७ मे १९४२ रोजी एल्मर हेंडरसन नावाचे सरकारी कर्मचारी कामानिमित्त वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे आगगाडीने निघाले होते. भोजनाच्या डब्यात स्वयंपाकघराला लागून असलेली दोन टेबले कृष्णवर्णीयांसाठी असत, आणि ते तेथे बसले म्हणजे मध्ये पडदा ओढला जाई. हेंडरसन पोहोचले तेव्हा त्या टेबलांवर गोरे प्रवासी बसले होते. एक जागा रिकामी होती. पण गोऱ्यांच्या टेबलावरची ती जागा त्यांना देणे नियमात बसत नव्हते. ते पुन्हा पुन्हा आले आणि उपाशीच परत गेले. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा अल्फा फाय अल्फा त्यामागे उभे राहिले, आणि मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष बेलफर्ड लॉसन यांनी वकिली केली. १९५० साली निकाल हेंडरसन यांच्या बाजूने लागला. शाळांतील वर्णभेद मोडणारा विख्यात निकाल त्यानंतर चार वर्षांनी आला. आगगाडीतील एक पडदा काढावयास आठ वर्षे लागतात. त्यासाठी चिवट आणि संघटित माणसे लागतात, आणि वर्गणीही लागते. वॉशिंग्टनमधील किंग यांच्या स्मारकाची कल्पना याच मंडळाने १९८४ साली पुढे आणली, आणि २०११ साली ते राष्ट्रास अर्पण झाले.

या परंपरेस एक काळी बाजूही आहे. दीक्षेच्या नावाखाली नवागतांस मारहाण करण्याची रीत कृष्णवर्णीयांच्या मंडळांतही रुजली. १९९० साली त्यांनी उमेदवारीची जुनी पद्धत एकमताने रद्द केली, पण ती छुपेपणाने चालूच राहिली. २०२५ च्या फेब्रुवारीत लुइझियानातील एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. अशाच दुसऱ्या एका मंडळाच्या दीक्षेशी त्याचा संबंध जोडून पोलिसांनी अटक केली. परकीय सत्तेखाली ज्यांनी भूमिगत कार्य केले त्यांना गुप्ततेचे मोल सांगावे लागत नाही. पण तेथे शपथ सोबत्याला वाचवण्यासाठी घेत. एकाकी विद्यार्थ्यास आधार देण्यासाठी जे निर्माण झाले, त्याने विद्यार्थ्याचा जीव घ्यावा, यास परंपरा म्हणता येणार नाही.

विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये मनाई केल्यापासून, वेगळी मंडळे हवीत कशाला, असे विचारणाऱ्यांना नवा जोर चढला आहे. अल्फा फाय अल्फाने स्वतःचे दार १९४५ सालीच इतर वर्णीयांसाठी उघडले होते, हे त्यांना बहुधा ठाऊक नसावे. जुलै २०२३ मध्ये मंडळाने २०२५ चे आपले अधिवेशन फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे न घेण्याचे ठरवले. त्या राज्याची धोरणे कृष्णवर्णीयांस घातक आहेत, असे कारण त्याने जाहीरपणे दिले. सात संस्थापकांपैकी चार्ल्स हेन्री चॅपमन हे याच फ्लोरिडात, टॅलाहासीच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात, शेतकीचे प्राध्यापक होते.