सगळे तारे एका संघात : माझे मत



परवा मधल्या सुट्टीत चिंचेखाली आमचा जोराचा वाद झाला. विषय होता बास्केटबॉल. आता आपल्या शाळेत ना बास्केटबॉलचे मैदान, ना ती जाळीची कडी. पण गुरुजींनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला अमेरिका-सर्बिया सामना मोबाईलवर थोडा दाखवला होता, तेव्हापासून वर्गात तेच चालू आहे. माझा मित्र म्हणाला, "देशातले सगळे तारे एका संघात घातले की झालं, हरायचं कामच नाही!" दुसरा म्हणाला, "छे! तारे एकत्र आले की भांडणारच. चेंडू तर एकच असतो ना!" मला दोघांचेही पटले नाही.

या खेळात संघात बारा जण असतात, पण मैदानात एका वेळी पाचच. आपापल्या संघात ज्याच्या हाती सतत चेंडू असायचा, त्याला राष्ट्रीय संघात बाकावर बसावे लागते. खरी अडचण इथे आहे.

१९८८ साली सोलला अमेरिकेचा संघ उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाकडून हरला. तेव्हा त्यांच्याकडून कॉलेजची मुले खेळत. पुढे व्यावसायिक खेळाडूंना परवानगी मिळाली आणि १९९२ ला बार्सिलोनात मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड असे एकाहून एक खेळाडू एकत्र आले. आठ सामने खेळले, आठही जिंकले. अंतिम सामन्यात क्रोएशियाला ११७-८५ असे हरवले, आणि हा म्हणे त्यांचा सर्वांत कमी फरकाचा विजय! गंमत म्हणजे सर्वांत जास्त गुण जॉर्डनचे नव्हते, चार्ल्स बार्कलेचे होते. सामन्याला सरासरी अठरा. जॉर्डनने त्याबद्दल तोंड वाकडे केले नाही. म्हणजे "तारे भांडणारच" हे म्हणणे तिथेच खोटे ठरले.

पण मग पहिला मित्र बरोबर का? तर नाही. २००४ ला अथेन्समध्ये काय झाले ते पाहा. अमेरिकेकडे ॲलन आयव्हर्सन होता, टिम डंकन होता, कोवळा लेब्रॉन जेम्स होता. कोबी ब्रायंट आणि शॅकिल ओनीलसारखे काही मोठे खेळाडू आलेच नाहीत. जे आले त्यांना एकत्र सरावाला काही आठवडेच मिळाले. पहिल्याच सामन्यात छोट्याशा पोर्तो रिकोने त्यांना ९२-७३ असे लोळवले. लांबून टाकलेले चोवीस चेंडू, आत गेले फक्त तीन! नंतर लिथुएनियाकडून हरले, उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून ८९-८१ ने हरले. कसेबसे कांस्यपदक मिळाले.

सुवर्ण मिळाले अर्जेंटिनाला. त्यांचे बरेच खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत आले होते. कोण कुठे पळणार हे न बघता कळायचे. आपल्या आया चुलीपुढे बसल्या की न बोलता एक लाटते, एक भाजते, तसेच. तरी एक गोष्ट विसरू नका. अर्जेंटिनाकडेही मनू जिनोबिली हा तारा होताच. त्या सामन्यात त्याने २९ गुण केले. म्हणून तारा नकोच, हेही मला मान्य नाही.

अमेरिकेने पुढे शहाणपणा केला. खेळाडूंकडून आधीच काही वर्षांचा शब्द घेतला. तरी २००६ च्या जागतिक स्पर्धेत ग्रीसने हरवलेच. पण संघ मोडला नाही, आणि २००८ ला बीजिंगमध्ये अंतिम सामन्यात स्पेनला ११८-१०७ ने हरवले. त्या संघात जेसन किड होता. एवढा नावाजलेला, पण तो कडीकडे चेंडू क्वचितच टाकायचा. दुसऱ्याला द्यायचा. मला तो फार आवडला.

पॅरिसच्या त्या सामन्यात शेवटचा डाव सुरू होताना अमेरिका १३ गुणांनी मागे होती. जिंकली ९५-९१ ने. स्टीफन करीने ३६ गुण केले, त्याचे नाव सगळ्यांनी घेतले. पण जेसन टेटम, ज्याच्या बॉस्टन संघाने त्याच वर्षी एनबीए जिंकली होती, तो त्या सामन्यात एक मिनिटही मैदानात उतरला नाही. काय वाटले असेल हो त्याला? मला तर रडू आले असते.

हे मी उगाच लिहीत नाही. मागच्या वर्षी केंद्रस्तरीय कबड्डीत आमच्या संघातल्या सातांपैकी पाच जण चढाईवाले होते. त्यात मीही होतो. "मी जातो, मी जातो" करत आम्ही एकमेकांचे सदरे ओढले. समोरचा चढाईला आला की पकड करायला कोणीच नाही, सगळे मागे. आम्ही पहिल्याच सामन्यात घरी आलो. पालकही म्हणाले, "एवढी चांगली पोरं असून हरली कशी?" हरली ती अशी.

येत्या शनिवारी यंदाच्या संघाची निवड आहे. गुरुजींच्या वहीत मी माझे नाव दिले आहे, आणि पुढे लिहिले आहे : डावा कोपरा. पकड करताना माझा गुडघा अजून लवकर टेकतो, म्हणून रोज संध्याकाळी खळ्यावर सराव करतो. चढाई करायला कोणी आले तर बरे होईल.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी