तिथीचा रंग सगळ्यांचा

डिसेंबर सरत आला की साड्यांच्या दुकानांत दर्शनी जागी काळा रंग येऊन बसतो. एरवी लग्नाच्या बस्त्यात काळ्या साडीला हात लावला, तर घरातली वडीलधारी मंडळी लगेच ‘काळं नको गं’ म्हणतात. बारशाला, साखरपुड्याला, पूजेला काळं चालत नाही. त्याच घरात मकरसंक्रांतीला मात्र नव्या सुनेसाठी हौसेने काळी साडी घेतली जाते. तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने चढतात आणि तान्ह्या बाळालाही बोरन्हाणासाठी काळं झबलं शिवलं जातं. वर्षभर दूर ठेवलेला रंग एका तिथीला मानाचा होतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यामागे थंडीचं साधं कारण आहे. गडद कापड ऊन जास्त शोषून घेतं आणि अंगाला ऊब देतं. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, तीळगूळ हे जसं पौषातल्या गारठ्यासाठी, तशीच काळ्या अंगाची आणि लाल काठाची चंद्रकळा. निफाडला जानेवारीतली पहाट अनुभवलेल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

जगाच्या फॅशनचा हंगाम वेगळ्या घड्याळावर चालतो. पॅरिस आणि मिलानमध्ये पानगळीचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्येच मंचावर येतात आणि वसंतातले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यांचे रंग त्याच्याही बरेच आधी ठरलेले असतात, कारण सूत रंगवायला, कापड विणायला आणि माल दुकानात पोचवायला वेळ लागतो. पँटोन ही कंपनी 2000 सालापासून ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. पहिला मान आकाशी निळ्या सेरुलियनला मिळाला, 2025 साली तो मोका मूस या कॉफीच्या छटेच्या तपकिरीला मिळाला. वर्ष उलटलं की नवा रंग येतो, आणि कालचा रंग कितीही शोभत असला तरी जुना ठरतो.

मुंबईत हे युरोपचं ऋतुचक्र तसंच्या तसं चालणं शक्य नव्हतं. म्हणून लॅक्मे फॅशन वीकने आपले हंगाम ‘समर-रिसॉर्ट’ आणि ‘विंटर-फेस्टिव्ह’ अशा नावांनी मांडले. मुंबईच्या हिवाळ्यात लोकरी कोट विकणार कुणाला? इथे हिवाळ्याच्या तोंडावर खरेदी होते ती सणांची. कपड्यांचा आपला हंगाम कॅलेंडरच्या लाल आकड्यांवर ठरतो. श्रावणात हिरवा, संक्रांतीला काळा, वैशाखात अंगाला न टोचणारं फिकं सुती. आणि हा रंग कधी जुना होत नाही. गेल्या संक्रांतीची काळी साडी या संक्रांतीला तितक्याच दिमाखाने नेसता येते, पुढे लेकीलाही देता येते.

या कॅलेंडरात सगळ्यात नवी भर पडली ती नवरात्रातल्या नऊ रंगांची. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने रोजचा रंग आणि त्या रंगात नटलेल्या वाचक महिलांची छायाचित्रं छापायला सुरुवात केली आणि ही प्रथा घराघरांत पोचली. तिचं गणित वारांवर चालतं. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा. उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा किंवा मोरपंखी. 2024 साली घटस्थापना गुरुवारी होती म्हणून सुरुवात पिवळ्याने झाली, 2025 साली ती सोमवारी आली म्हणून पांढऱ्याने. हा तक्ता धर्मग्रंथातला नाही, हे खरं. पण त्याने जे साधलं ते मला मोलाचं वाटतं. लोकलच्या महिला डब्यात, बँकेत, शाळेत, रुग्णालयात एका रंगाच्या शंभर बायका दिसतात आणि त्यातल्या एकीलाही कुणी विचारत नाही की तुझं लग्न झालंय का, तुझा नवरा हयात आहे का.

हा प्रश्न आपल्या रंगांनी शतकानुशतकं विचारला आहे. हिरवा चुडा नवरीचा, हिरवी साडी डोहाळजेवणाची, मंगळागौर नव्याने लग्न झालेलीची. ज्या उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन होई, तिथे तिच्या वाट्याला तांबडं आलवण येई. श्रावण असो, संक्रांत असो, अंगावर तेच. शेजारच्या घरात सणागणिक रंग पालटत असताना तिच्या वर्षाला ऋतूच उरत नव्हते. आलवण गेलं, पण त्याची सावली गेलेली नाही. नवरा गेलेल्या बाईने ‘जरा फिकं’ नेसावं, ही अपेक्षा आजही कुणी तोंडाने, कुणी डोळ्यांनी बोलून दाखवतं.

माझी मावशी बँकेत नोकरी करायची. काका गेले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी एकेक करत थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी अपमान केला नाही. फक्त तिच्या दारावरून बायका पुढे गेल्या. काळी साडी कपाटात तशीच राहिली. नवरात्रात मात्र शाखेतल्या मुली आदल्या संध्याकाळी आठवण करायच्या, ‘मॅडम, उद्या लाल.’ आणि ती लाल नेसून जायची. घरच्या सणाने तिच्याकडून काढून घेतलेला रंग ऑफिसच्या सणाने परत दिला.

नवरात्राचे रंग बाजारू आहेत, हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. नऊ दिवसांच्या नऊ साड्या घेणं तुटपुंज्या पगाराच्या बाईला परवडत नाही, आणि करड्या शनिवारी वेगळ्या रंगात आलेलीला समूहछायाचित्रातून बाजूला उभं करणं ही क्रूरता आहे. तिथे नव्या भेदाची सुरुवात होते. रंग पाळायचा तर कपाटात असेल त्याने, मैत्रिणीकडून उसन्या आणलेल्या ओढणीने किंवा नुसत्या टिकलीने पाळावा. आणि ज्या दिवशी काहीच जुळणार नाही, त्या दिवशीही ती छायाचित्रात मधोमध उभी राहिली पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना या ठरावाचा कित्ता गिरवायला सांगितलं. बाईच्या अंगावरचं काढून घ्यायचं नाही, एवढं हेरवाडने ठरवलं. तिला सणात परत बोलावणं, हे पुढचं पाऊल ज्याने त्याने आपल्या दारात टाकायचं आहे. त्याला ठराव लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस आहेत. यंदा आमंत्रणाची यादी करताना सौभाग्याची अट काढून टाका. जिला थंडी वाजते, तिला काळ्या साडीचा हक्क आहे. नवरा गेलेली, नवऱ्याला सोडलेली, लग्न न केलेली, सगळ्यांना बोलवा. हळदीकुंकू लावा, तीळगूळ द्या, वाण द्या. आणि निरोपात एक ओळ आवर्जून घाला, ‘काळं नेसून या.’