माहिती पोथीत नसते

मुरबाडकडच्या एका सप्ताहात शास्त्र शिकलेला एक तरुण मला म्हणाला, "बुवा, सगळं विश्व माहितीचंच बनलंय. भाताच्या दाण्यातसुद्धा माहिती आहे. तुमचं चैतन्य आणि आमची माहिती एकच." मंडळींनी माना डोलावल्या. मला ते मान्य नाही, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर भीड तरी कोणाची धरू?

माहुलीच्या सुळक्यांवर मृगाचा ढग टेकला की आमचा शहापूरचा शेतकरी राबाकडे धावतो. त्याच ढगाचा फोटो काढून मुंबईचा पाहुणा घरी जातो. ढगाने कोणालाच काही सांगितलेले नसते.

तरुण हुशार. म्हणाला, "दाणा मात्र कोणी न वाचता रुजतो." खरे आहे, आणि या प्रश्नाने माझी एक रात्र खाल्ली. पण ओढा उताराने धावतो, म्हणून त्याला उताराची माहिती आहे असे तुम्ही म्हणाल का? दाण्यात रचना आहे, शक्ती आहे. 'माहिती' हे नाव तिला जाणणाऱ्याने दिले. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये माहिती मोजण्याचे गणित मांडले ते अर्थ बाजूला ठेवून, हे त्या तरुणानेच मला सांगितले. निरोप धाडायला ते उत्तम. पायलीने भात मोजावा, भूक कशी मोजणार?

अमृतानुभवाचे सहावे प्रकरण शब्दखंडनाचे. माउली आधी शब्दाचे कौतुक करतात, कारण तो विसरलेल्याला आठवण देतो. पण जो स्वतःच जाणणे आहे, त्याला आठवण कोण देणार? चैतन्य आणि माहिती एक करणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

आता ज्ञानेश्वरीच पाहा. शके 1212 मध्ये माउली बोलले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. पुढे नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले. शके 1506 मध्ये नाथ महाराजांनी ग्रंथ शुद्ध केला. अशुद्ध प्रतीतही अक्षरे होतीच की! आपण चुकलो हे त्या अक्षरांना ठाऊक नव्हते. दहा प्रती शेजारी मांडल्या तरी खरा पाठ कोणता, हे प्रत सांगत नाही. तिथे नाथच लागतात.

आणि कधी कधी नाथ दाराशी येतात, ओळखू येत नाहीत. एका छापील पुस्तकातला चुकीचा शब्द मी वीस वर्षे कीर्तनात म्हणत होतो. अर्थही ठासून सांगायचो. किन्हवलीकडच्या एका आजीने पाया पडता पडता विचारले, "बुवा, संत असं कसं म्हणतील वो?" तिला अक्षरओळख नव्हती. घरी येऊन जुनी पोथी काढली. आजीचे बरोबर होते. त्या छापील पुस्तकात तो शब्द मी पेनाने खोडला आहे. तो तरुण आला की आधी तेच पान दाखवणार आहे.